कुलपावरची धूळ

बंद घर दिसलं की गोमासे मॅडम कुलपावरून बोट फिरवत, बोट उन्हात धरत आणि धूळ पाहत. मग ते पदराला न पुसता रस्त्याकडेच्या गवताला पुसत. "पदर माहा आहे, नत्थूजी. धूळ सरकारची आहे," म्हणत.

मी त्यांचा साखळीवाला. जमीन मोजताना साखळीचं दुसरं टोक धरणारा. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हातात साखळी कधी ढिली पडली नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. आमचं काम असं, की दरवर्षी दिवाळी झाली की शहराच्या कडेच्या लेआउटमध्ये पायी फिरायचं आणि रजिस्टरात प्रत्येक प्लॉटसमोर चारातला एक शब्द लिहायचा. रिकामा, पाया, कुलूप, नाहीतर वस्ती. त्यावरून वरचे लोक ठरवत की नागपुरात घरं कुठे कमी पडतात आणि कोणत्या जमिनीवर पुढे काय बांधायचं.

मॅडम सावनेरकडच्या. उंची पाच फूट पण नसेल. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून त्या बेसा, हुडकेश्वर, वाठोड्याकडच्या शेतांचे धुरे-बांध तुडवत. एकदा एका प्लॉटवाल्यानं विचारलं, "बाई, प्लॉट घ्याचा आहे काय?"

"घ्याचा नाही, भाऊ. जागेवर आहे का नाही, ते पाहून राहिली."

तो माणूस घाबरून खरंच आपला प्लॉट पाहायला गेला.

धुळीवर मात्र त्यांचा पुरा भरवसा नव्हता. हुडकेश्वरला एका घराच्या कुलपावर बोटभर धूळ होती. मी म्हटलं, "कुलूप लिवा, मॅडम." त्या घराला वळसा घालून मागे गेल्या. मागे एक म्हातारी गहू निवडत बसली होती.

"समोर कुलूप काहून वं, आजी?"

"ते मालकाचं आहे, बाई. आमी मागून राहतो."

मॅडम तिच्याजवळ बसल्या, दोन मुठी गहू निवडून दिले आणि रजिस्टरात 'वस्ती' लिहिलं. परतताना मला म्हणाल्या, "घराले मागची बाजू असते, नत्थूजी. मागं गेल्याबिगर कुलूप लिवाचं नाही. मोरी ओली आहे का, दोरीवर कपडे आहेत का, पाहाचं." मी तोंडावर हो म्हटलं, पण मनात राग आला. इतकी वर्षं साखळी ओढलेल्या माणसाला ही बाई घर पाहायला शिकवून राहिली.

वाठोड्याकडे एका जुन्या योजनेतली अकरा क्वार्टरं होती. बांधली, पण कोणाला दिलीच नाहीत. एका वर्षी तिथे पोचेपर्यंत उजेड सरत आला होता, म्हणून मॅडम लेआउटच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि ही ओळ माझ्यावर सोपवली. माझा उजवा गुडघा सुजला होता. क्वार्टरांच्या मागे नाला, नाल्यापर्यंत काटेरी झुडपं. मी अकराही कुलपांवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. तेवढ्यावरून परत आलो.

"अकराही कुलूप," मी म्हणालो.

"मागं गेले होते ना?"

"गेलो होतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं आणि खाली सही केली.

पावसाळ्याआधी क्वार्टरं पाडायला मशीन आली. तेव्हा मागच्या दारांतून माणसं निघाली. बुटीबोरीच्या कारखान्यांत कामाला जाणारी, बांधकामावर विटा वाहणारी. नऊ घरं भरलेली होती. समोरचं कुलूप त्यांनी मुद्दाम लावून ठेवलं होतं, कोणी हाकलू नये म्हणून. रजिस्टरात वस्ती असती, तर पाडायच्या आधी त्यांना दुसरीकडे जागा द्यावी लागली असती. आमच्या रजिस्टरात तिथे कोणीच राहत नव्हतं.

त्यातली एक बाई कडेवर लेकरू घेऊन ऑफिसात आली. मॅडमच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "आमी तं होतो ना, मॅडम. मागं चूल होती आमची. कोणी आलंच नाही पाहाले."

मी दाराशी उभा होतो. चौकशीत साहेबांनी विचारलं, मागे कोण गेलं होतं? मी खाली वाकून गुडघा चोळू लागलो. मॅडम म्हणाल्या, "सही माही आहे, साहेब." पुढे त्यांना जिन्याखालच्या खोलीत जुन्या फायली लावायला बसवलं. तिथून मॅडम त्या नऊ घरांचे अर्ज लिहीत राहिल्या. प्रत्येक अर्ज 'नोंद नाही' म्हणून परत येई. त्या पुन्हा लिहीत. नवांतल्या एकाही घराला काही मिळालं नाही. ती माणसं कुठे गेली, ते कोणत्याच रजिस्टरात नाही.

मॅडम आजारी पडल्या तेव्हा मी भेटायला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. खाटेवर त्या अजूनच लहान दिसत होत्या. मी बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, "नत्थूजी, गुडघा कसा आहे? त्या वाठोड्याच्या दिवशी लंगडत होते तुम्ही."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"बरा आहे," मी म्हणालो. तेवढंच सांगून घरी परतलो. आठ दिवसांनी त्या गेल्या.

आता ते सर्वेक्षण आभाळातून काढलेल्या फोटोवरून होतं. कोणी कुलपाला हात लावत नाही. क्वार्टरांच्या जागी आता मोठी इमारत आहे. मागच्या महिन्यात मी तिथे गेलो. चौकीदार म्हणाला, निम्मे फ्लॅट विकून झाले, पण राहायला कोणी आलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका कुलपावर मी बोट फिरवलं. बोट काळं झालं. मग सवयीनं नाही, मॅडमसाठी, मागे जाऊन पाहावं म्हटलं. दाराच्या दोन्हीकडे हात लावून पाहिलं. भिंत होती. फ्लॅटला मागची बाजू नसते.

मी तिथेच उभा राहिलो. बोट पुसायला जवळ गवतही नव्हतं.