बाबूजींनी आणलेली चाल

तिसरीत असताना मी नऊ दिवस देवी होते. नागपूरच्या आमच्या सक्करदऱ्यात कोणाला कांजण्या झाल्या तर कांजण्या म्हणत नसत, 'माता आली' म्हणत. आणि माता आली की घरातल्या पोरीला पोरगी म्हणून वागवण्याची सोय राहत नसे. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, फोडणी बंद झाली, चपला अंगणाबाहेर गेल्या. आदल्या दिवशीपर्यंत जी आई मला लाटणं दाखवत होती, ती सकाळी माझ्या खाटेपुढे हात जोडून म्हणाली, "काय पाह्यजे वं माय तुले?"

मातेला नाही म्हणायचं नसतं. तिने मागितलं आणि दिलं नाही तर ती कोपते, आणि कोपली तर पोरीच्या तोंडावर व्रण ठेवून जाते. हा नियम मला दुसऱ्याच दिवशी नीट समजला आणि मी घराच्या डोक्यावर मिरे वाटायला सुरुवात केली. पेरू मागितले, पेरू आले. काकूने उभ्याउभ्याच माझ्याशी बोलायला सुरुवात केली तर तिला बसवलं. शाळेतून पाढ्यांचा अभ्यास आला तो परत पाठवला. "मातेले सारेच पाढे येते," असं आईने निरोप आणणाऱ्या पोरीला सांगितलं. त्यात एकच मागणी फसली. मी तर्री-पोहे मागितले तेव्हा आई म्हणाली की फोडणी मातेलाच चालत नाही. इथे मात्र देवी असून माझं काही चाललं नाही.

निरोप आणणारी ती पोरगी म्हणजे शेजारची माझी मैत्रीण. तिला आधी माता येऊन गेलेली होती, म्हणून तिला आमच्या घरात मज्जाव नव्हता. सहाव्या दिवशी ती आली ती नाचतच. शाळेने सगळ्या पोरांना रांगेने बर्डीवरच्या टॉकीजमध्ये नेऊन एक हिंदी सिनेमा दाखवला होता. पोरांचा सिनेमा. त्यात पोरंच पोरं, एक कुत्रा, आणि गाणी. एक गाणं तर असं की त्यात पोरं आमराईत शिरून कैऱ्या चोरतात, माळी मागे लागतो आणि ती झाडावरूनच त्याला वाकुल्या दाखवतात. तिने ते गाणं म्हणून दाखवावं म्हणून मी जीव टाकला. पण ही बया म्हणाली, "नाही म्हणत. तू आली नाही ना!"

मी भोकांड पसरलं. आई धावत आली. मी सांगून टाकलं की मातेला त्या सिनेमातलं गाणं पाहिजे.

आता आमच्या घरी सिनेमा म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. नव्हता. रेडिओही नव्हता. माझे वडील, बाबूजी, हिंगण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जात आणि गुरुवारी मोहल्ल्याच्या भजनात खंजिरी वाजवत. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी खंजिरी नाही असं लोक म्हणत आणि ते स्वतः तर म्हणतच. एक माणूस ओळ गातो, बाकीचे तीच ओळ परत गातात आणि मध्ये खंजिरी कडकडते, त्या भजनांपलीकडे जगात संगीत असतं असं त्यांना वाटत नसावं. सिनेमाला ते लग्नानंतर एकदाच गेले होते, आणि तोही पौराणिक होता म्हणून.

पण मातेला नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या बसमधून उतरले, तोंड धुतलं, धुवट सदरा घातला आणि सायकलीवर टांग टाकून बाबूजी माझ्यासाठी सिनेमातलं गाणं आणायला निघाले. जाताना हात जोडून म्हणाले, "आन्तो वं माय. तू फक्त खाजवू नको."

आता पुढची गोष्ट मला फार नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे तोंडावर आपटाल. बाबूजी तिकीट काढून आत गेले, पंख्याखाली गादीच्या खुर्चीत बसले, अंधार झाला आणि त्यांना झोप लागली. ती थेट सिनेमा संपेपर्यंत. तेव्हा सिनेमा संपला की राष्ट्रगीत लागायचं. सगळे उभे राहिले म्हणून तेही दचकून उभे राहिले. त्या सिनेमात त्यांनी जागेपणी ऐकलेलं गाणं तेवढं एकच.

आता रिकाम्या हाताने मातेपुढे कोणत्या तोंडाने जायचं? टॉकीजबाहेर त्या काळी सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तकं मिळत. त्यात गाण्यांचे शब्द असत आणि पहिल्या पानावर अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी पडद्यावर पाहा, असं खाली छापलेलं. बाबूजींनी ते पुस्तक घेतलं. शब्द मिळाले. चाल मात्र पुस्तकात छापत नाहीत.

सक्करदऱ्यापर्यंतच्या रस्त्यात, सायकल चालवता चालवता, त्यांनी त्या शब्दांना भजनाची चाल लावली.

घरी येऊन ते माझ्या खाटेपाशी मांडी घालून बसले, खंजिरी गुडघ्यावर घेतली आणि गाणं सुरू केलं. कैऱ्या चोरणारी ती द्वाड पोरं बाबूजींच्या तोंडी अशी आर्त झाली, की जणू जन्मभराच्या पापाची कबुली देत आहेत. माळी आला, या ओळीवर तर त्यांनी डोळे मिटले. तो माळी नसून साक्षात यम असावा. आईने मागून ओळ धरली. मीही धरली. मला तर ते गाणं फारच आवडलं.

"सिनेमात असंच होतं?" मी विचारलं.

"अस्संच."

"आन् गोष्ट?"

"एक पोरगा हरवते." पुस्तक मिटून ते म्हणाले, "मंग सापडते."

"आन् कुत्रा?"

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कुत्र्याचं चित्र होतं, त्याकडे पाहून बाबूजी म्हणाले, "कुत्रा लय गुणाचा. शेवटपर्यंत भुंकला नाही."

नवव्या दिवशी मला न्हाऊ घातलं, देवळात दहीभाताचा नैवेद्य गेला, माता आपल्या घरी गेली आणि आईचं लाटणं परत आलं. पण माझ्याकडे गाणं होतं. शाळेत गेल्या गेल्या मी ते मैत्रिणीला म्हणून दाखवलं. ती हसत सुटली.

"हे काय भजन म्हणून राहिली वं? ही चाल नाही त्याची."

"हेच आहे. माया बाबूजीनं टाकीजमधून आणली."

"मंग कुत्रा काय करते सांग."

"भुंकत नाही!"

"भुंकून भुंकून तं पोराले वाचवते तो!" ती म्हणाली. "तुया बाबूजीनं पिच्चर पाह्यलाच नाही."

मी तिची वेणी धरली, तिने माझी. बाईंनी येऊन सोडवलं. मला चाल चुकल्याचं काहीच वाटत नव्हतं. माझ्या बाबूजींना कोणी खोटारडं म्हणालं, हे मात्र मला जाळत होतं. बाबूजी खोटं बोलत नाहीत, हे माझ्या दृष्टीने सूर्य पूर्वेला उगवतो त्याच्याही वरचं सत्य होतं.

तिने मला पानठेल्यापाशी नेऊन उभं केलं. तिथे रेडिओ होता आणि तीन दिवस वाट पाहिल्यावर ते गाणं एकदाचं लागलं. उड्या मारत, शिट्ट्या वाजवत गेलं. शब्द तेच. चाल अगदीच निराळी. ती विजयाने माझ्याकडे पाहू लागली.

"रेडिओ बिघडला आहे," मी म्हणाले.

पानठेलेवाला भडकला. रेडिओ नवा होता. मी घरी येऊन बाबूजींना विचारलं. त्यांनी खंजिरी पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता सांगितलं, "टाकीजची चाल वेगळी रायते, रेडिओची वेगळी." मला एवढं पुरलं. मी हे सगळ्या वर्गाला सांगितलं. वर टाकलं की गॅदरिंगमध्ये मी स्टेजवर हेच गाणं गाणार, माझ्या बाबूजींच्या साथीने, म्हणजे सगळ्यांना खरी चाल कोणती ते कळेल.

बाबूजींना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानंतर त्यांचं जे काय चाललं ते मला तेव्हा समजलं नाही. आधी त्यांचं मनगट दुखायला लागलं. मग पाळी बदलणार असल्याची बातमी आली. मग त्यांनी मला एक दुसरंच गाणं शिकवायचा घाट घातला, त्यात गाईचं महत्त्व होतं. मी हटून बसले. पानठेल्यावर उभं राहून चाल ऐकावी, तर मोहल्लाभर बोभाटा झाला असता. शेवटी एका सुटीच्या दिवशी ते सायकल काढून कळमेश्वरला गेले. तो सिनेमा तोवर नागपूर सोडून तिथल्या तंबूत लागला होता. या वेळी जागं राहून चाल ऐकून यायची, असा त्यांचा बेत. पण तिथे पोहोचेपर्यंत तंबूत सिनेमा बदलला होता. मारामारीचा लागला होता. तो मात्र ते डोळे टक्क उघडे ठेवून पूर्ण पाहून आले.

गॅदरिंगचा दिवस आला. शाळेच्या मैदानावर मांडव, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढे पोरं. मी परकर-पोलकं घालून माईकसमोर उभी राहिले. शेजारी बाबूजी खंजिरी घेऊन, कपाळावर घाम. मी सुरू केलं.

पहिल्या ओळीला पोरं फिसकन हसली. दुसऱ्या ओळीला मांडवाच्या मागच्या बाजूला बसलेल्या भजनी म्हाताऱ्यांनी ओळखीची चाल ऐकून सवयीने ओळ परत गायली. कैऱ्या चोरल्याचं त्यांनी इतक्या भक्तीने गायलं की एका आजोबांनी टोपी काढून हात जोडले. मग मांडव फुटलाच. मोठी पोरं शिट्ट्या मारायला लागली. कोणीतरी "बोला पुंडलिक वरदे" म्हणून आरोळी दिली. आणि माझी ती प्राणाची सखी बाकावर उभी राहून ओरडली, "चाल चुकली! चाल चुकली!"

मी थांबले. संतापाने माझे कान तापले होते. माईक दोन्ही हातांनी धरून मी सांगितलं, "हीच चाल खरी आहे. माया बाबूजीनं टाकीजमध्ये ऐकली. रेडिओ खोटा आहे!"

हसणं दुप्पट झालं. बाई पडद्याची दोरी शोधायला धावल्या.

तेव्हा बाबूजींनी खंजिरी खाली ठेवली. जन्मात कधी भाषण न केलेला माणूस, माईकपाशी आला, वाकला, कारण माईक माझ्या उंचीचा लावलेला होता. म्हणाले, "पोरीची चुकी नाही. म्या पिच्चर पाह्यलाच नाही. तिकीट काढून आत बसलो आन् झोपलो. चाल माया मनाची आहे."

लोक पोट धरून हसले. पानठेलेवाला तर उभा राहून हसला. मी बाबूजींकडे पाहत राहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मला इतका राग आला होता की त्यांचा हात धरावा की चावावा ते कळेना.

"काहून झोपले तुमी?" मी विचारलं. ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

बाबूजी खाली ठेवलेली खंजिरी उचलायला वाकले. पण बायकांच्या बाजूने आई उभी राहिली. चारचौघांत नवऱ्याशी बोलायला लाजणारी माझी आई, पदर खोचून उभी राहिली.

"मी सांगतो काहून झोपले ते," ती ओरडली. "हासून राहिले सारे! पोरीच्या अंगाले आग सुटायची, झोपेत नखं लावायची ती. तोंडावर डाग राहू नये म्हणून सहा रात्री हा माणूस तिचे दोनी हात धरून बसला होता. सकाळी तसाच कारखान्यात जाय. गादीची खुर्ची भेटल्यावर नाही झोपन तं काय करन?"

पानठेलेवाला खाली बसला. मला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. मी नकळत गालावर हात फिरवला. गाल गुळगुळीत होता.

बाईंनी पडद्याची दोरी सोडून दिली आणि हळूच विचारलं, "म्हणतेस का पुन्हा?"

मी मान हलवली आणि बाबूजींनी आणलेल्याच चालीत तेच गाणं पहिल्यापासून सुरू केलं. म्हाताऱ्यांनी ओळ उचलली, मग बायकांनी, मग पोरांनीही. सगळे तालात होते. चुकत होती ती खंजिरी; बाबूजींना ठेका सापडत नव्हता, कारण एका हाताने ते सारखे डोळे पुसत होते.