सामानाला सर्दी

मलकपेठेत माझं कपाट ज्या भाड्याच्या गोदामात पडलंय, तिथला मॅनेजर माणसाला माणूस म्हणतच नाही. घर सुटलेले एक मास्तर माझ्या कपाटाशेजारच्या सामानाच्या खोलीत राहतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण विचारलं की दाढी खाजवत म्हणतो, "कैसी बातां करते साब! इथं सामान राहतं, माणूस नै."

परवा मालक तपासणीला आले, तेव्हा याने मास्तरांना आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. नेमकी आतून शिंक आली.

"जुना फ्रिज आहे साब," हा बेधडक म्हणाला.

मालकांनाही सगळं कळलं होतं. "आवाज बंद कर, नाहीतर उचलून रस्त्यावर टाक."

आता मास्तर नाकावर रुमाल बांधून बसतात. मॅनेजर मला कौतुकाने सांगतो, "फ्रिज रिपेअर हो गया साब."