पनवेलच्या बाईची जागा

खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरण्यात मी वाकबगार आहे. त्या सकाळी कल्याण-पुणे गाडीत मी चार रुमाल टाकले. तीन बरोबर पडले. चौथा आधीच ठेवलेल्या एका रुमालावर पडला. तीन जागांवर बायको, सासूबाई आणि मुलगी बसल्या. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला द्यायचं भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून मी उभा राहिलो. चालतंय का बघायला घातलेला सेल काढायचा राहिला होता, त्यामुळे पोट टिकटिकत होतं.

त्या चौथ्या जागेशेजारी, खिडकीत, सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. गळ्यात बोटभर जाड सोन्याची साखळी, पायात रबरी चप्पल.

"काका, इथे कोणी आहे?"

"माझी बहीन हाय."

"कुठे गेल्यात?"

"पनवेलला हाय."

"म्हणजे मी इथे उभा, आणि पनवेलची बाई इथे बसलीय!"

आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत. कंडक्टरकडे त्यांनी कार्ला फाट्याची दोन तिकिटं मागितली, एक स्वतःचं, एक बाईचं.

"बाई कुठाय?"

"पनवेलला चढल. तिकीट हितपासून दे. जागा धरलीय."

"नाही आली म्हणजे?"

काकांनी दोन तिकिटांचे पैसे पुढे केले. 

शिळफाट्याला गाडी अडकली. इंजिन बंद झालं आणि काका आपणहून बोलू लागले. नाव काळुराम. दिव्याजवळ खाडीकाठचं त्यांचं गाव. लहानपणी ते आणि धाकटी सगुणा मिठागरावर अनवाणी मीठ ओढायचे. वर्षातून एकदा आई एकवीरेला जायचं, याच रस्त्याने, आणि वाटभर खिडकीसाठी भांडायचं. पुढे वडिलांच्या जमिनीवर बिल्डिंग यायची ठरली.

"नवी साडी घेतली तिला. गाडीनं कचेरीत नेली. 'कसला कागद रे दादा?' बोलली. बोललो, नावं नीट कराची हायत. तिनं अंगठा दिला. हक्कसोड होती ती, तिच्या वाट्याची."

"मग?"

"मंग काय! भाऊबीजेला आली नाय. एकोनीस वर्सं."

गेल्या महिन्यात काकांनी त्या बिल्डिंगमधली आपल्या वाट्याची दोन घरं सगुणाबाईंच्या नावावर केली. मुलांनी बोलणं टाकलं. दारात मोठी गाडी उभी असून काका एसटीत होते, ते त्यामुळे. भाच्याकडून बहिणीला कागद पाठवले, निरोपही पाठवला: देवीला चाललोय, सातच्या गाडीत, डाव्या खिडकीत.

"कागद घेतले त्यांनी?"

"घेतले. बोलली कायच नाय."

"आणि आज नाही आल्या तर?"

"त घरं तिचीच. ते काय तिच्या येन्याचं भाडं नाय."

 

पनवेलला गाडी दहा मिनिटं थांबली. माणसं चढली. एकाने त्या जागेवर पिशवी टेकवली. बावीस वर्षांत कधीही माझी बाजू न घेतलेल्या सासूबाई मागून गरजल्या, "माणूस आहे तिथे!" पिशवी उचलली गेली. काकांचा हात रुमालावर होता. बाहेर बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. माझ्या पोटावरचं घड्याळ मात्र सगळ्यांना ऐकू येईल असं वाजत होतं.

कंडक्टरने बेलच्या दोरीला हात घातला.

"थांबा, मला उतरायचंय!" मी ओरडलो.

"तुमचं तिकीट पुण्याचं ना?"

"मळमळतंय."

दरवाजाच्या पायरीवर मी घड्याळासकट आडवा उभा राहिलो. दार लागणं शक्य नव्हतं. देवाने हा देह कशासाठी दिला, ते त्या दिवशी कळलं. कंडक्टर काय काय बोलला, ते इथे लिहीत नाही.

आणि मग दिसली. पलीकडच्या फलाटावरून एक म्हातारी येत होती, दोन्ही हातांत एकच पिशवी धरून. घाई नव्हती. गाडीच्या डाव्या खिडक्या एकेक करून बघत होती. एका खिडकीशी थांबली. तशीच उभी राहिली. 

मग ती दाराशी आली. "मधी काय उभा रायलास मेल्या? सरक!"

इतकी गोड शिवी मी आजवर खाल्लेली नाही.

काका उठून उभे राहिले होते. हात जोडावेत की नाही, ते त्यांना ठरवता येईना. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. रुमालाकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"खिडकी माझी," ती म्हणाली.

काका बाजूला झाले. ती आत जाऊन बसली. मग तेही बसले, रुमाल न उचलता, त्याच्यावरच.

कार्ला फाट्यापर्यंत मी उभाच होतो.