पेरूवरील रक्ताची रेघ

तक्रारदार: मी, अर्जलेखक दत्तात्रय. पीडित: माझी पत्नी सुमन, मधुमेही. साक्षीदार: काल तिने चावलेला पेरू, ज्याच्या पांढऱ्या गरावर रक्ताची रेघ उमटली.

"ब्रशनं रक्त येतं, म्हणून महिनाभर तंबाखूची मशेरीच लावतेय," ती म्हणाली.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"अहो, ते साखरेचे डॉक्टर. दातांचं त्यांना काय सांगायचं?"

तो पेरू बाजूला ठेवून मी तिचा तपासणीचा कागद काढला. साखरेचे डॉक्टर तिचे पाय पाहतात, डोळे तपासावयास धाडतात. त्यांच्या कागदावर तोंडाचा रकाना मात्र नाही. वाढलेली साखर हिरड्या पोखरते, सुजलेल्या हिरड्या साखर वाढवतात. सोडायची असते ती मशेरी, ब्रश नव्हे, तो मऊ घ्यायचा. हे आम्हांस आज, दाढ हलू लागल्यावर, दंतवैद्याकडून कळावे काय?

मी जन्मभर परक्यांचे रकाने भरले, आणि समोर जेवणारीच्या तोंडाकडे पाहिले नाही. तोही कसूर नोंदवावा.

दाढ अद्याप वाचण्याजोगी आहे. सबब, आपल्या दवाखान्याने मधुमेहाच्या तपासणी-कागदावर तोंडाचा रकाना घालावा व तसे लेखी कळवावे, ही विनंती.