काचेमागची लोखंडी कांब

एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावाजवळच्या आश्रमशाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. त्या गावात पूर्वी दगडातून लोखंड गाळत. एका घरात बियाण्याच्या टोपलीजवळ हातभर लांबीची एक लोखंडी कांब उभी असायची. तेव्हा शहरात विज्ञान-तंत्रज्ञानाचं मोठं संग्रहालय उभं राहत होतं आणि त्यांना जुन्या धातुकामाच्या वस्तू हव्या होत्या. मी घरधन्याला म्हटलं, "दादा, पडूनच आहे ही. नेऊ का?"

तो काही बोलला नाही. मी तो होकार समजलो. पाहुण्यानं मागितलं तर त्या घरात नाही म्हणत नाहीत, हे मला तिथं इतकं राहूनही कळलं नव्हतं. ती कांब त्यांच्या कुळाचा देव होती. पेरणीआधी सगळी भावकी आपलं बियाणं तिला टेकवून नेई. हे समजलं तेव्हा माझी बदली झाली होती. मी गप्प बसलो.

घरधन्यानं दारूपायी देव विकला, असं भावकीनं ठरवलं. तो बोल ऐकतच तो मेला. पेरणीआधी भावकी अजूनही देवाचा मांडव घालते, पण त्याच्या बायकोला त्यात घेत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात ती मला शोधत माझ्या घरी, वरोऱ्याला आली. पदराच्या गाठीत धान होतं. "गुरुजी, कुठी ठेवला ते दाखवा फक्त."

आम्ही बसनं शहरात गेलो. संग्रहालयात शिरताच उभं कापलेलं एक अजस्र इंजिन, भूकंप कसा होतो ते दाखवणाऱ्या हलत्या फळीवर किंचाळणारी शाळेची पोरं. एक यांत्रिक हात सारखा हलत होता. "हा कोणाले बोलावून राह्यला?" तिनं विचारलं. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

कांब वरच्या मजल्यावर होती. खाली पाटी: भट्टीचे अवजार. तिनं गाठ सोडली, मूठभर धान तळहातावर घेतलं आणि तो हात काचेला लावला.

रखवालदार धावत आला. "आजी, काचेले हात नका लावू."

"माह्याच घरचा हाय तो, बाबू."

"इथी सारं सरकारचं हाय." पण एवढं बोलून तो पाठ फिरवून उभा राहिला. तिला हवं तेवढा वेळ त्यानं मागं पाहिलं नाही.

तिथल्या अधिकारी बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. "काका, देणगी तुम्हीच दिलीत. आता परत देणं माझ्या हातात नाही. वर लिहून पाहते." मग त्या म्हातारीकडे वळल्या. "आजी, हे नक्की काय आहे? पाटी दुरुस्त करू आपण."

म्हातारी मुठीतलं धान पुन्हा पदरात बांधू लागली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "देव नाई भेटला तर नाई. तुम्ही या अन् भावकीले खरं सांगा. माह्या माणसानं नाई विकला म्हणा."

पेरणीच्या आधी मी गेलो. मांडवात उभं राहून सगळं सांगितलं. भावकीतला सगळ्यात म्हातारा ऐकून हसला. "तुम्ही कायले न्यासान, गुरुजी? आमच्या लेकराइले शिकवलं तुम्ही. बाईची दया आली म्हणून आपल्या अंगावर घेऊन राह्यले."

"अहो, मीच नेली! चला, दाखवतो."

"भल्ला मायेचा माणूस," दुसरा शेजाऱ्याला म्हणाला.

मी जितकं सांगत गेलो, तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. कोणीतरी माझ्यासमोर पानाची पत्रावळ मांडली, भात वाढला. ती रस्त्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली बियाणं घेऊन बसली होती. "आधी बाईंना आत घ्या," मी म्हणालो.

"जेवा गुरुजी, थंडा होऊन राह्यला."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं असावं. ती उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि तशीच आपल्या धानाच्या बांधीकडे पेरायला निघून गेली.