उंबरा कापला तेव्हा

पाण्याचा हंडा घेऊन येताना मी उंबऱ्याला अडखळून पडले आणि माझा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. प्लास्टर निघालं तरी पाय वाकेना. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. माझा थोरला भाऊ दौंडला रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम करायचा. तो शिरूरला माझ्याकडं आला तो ठरवूनच.

"आता एकटीनं ऱ्हायचं न्हाई. क्वार्टरात चल."

"आधी घर बघ, मग बोल."

भावजयीच्या स्वयंपाकघरात कोपरा धरून बसायची माझी मुळीच तयारी नव्हती.

डबा तपासावा तसं त्यानं घर तपासलं. मोरीचा दगड निसरडा असणार, म्हणाला. त्याला मी जात्यासारखी छिन्नीनं टाकी लावून तो खडबडीत करून घेतला होता. त्यानं पाय घासून पाहिला आणि चुलीकडं वळला. चुलीपुढं बसशील कशी, म्हणाला. चुलीखाली मी मातीचा ओटा घातला होता. उभ्यानं भाकरी थापून दाखवली. पाणी? ते शेजारच्या चाची भरून देत आणि मी हातमशीनवर त्यांच्या पोरींची झंपरं शिवत असे. उपकार कुणाचेच नव्हते.

शेवटी तो दारात थांबला. उंबरा चांगला वीतभर उंच, सागवानी.

"आन् ह्याचं काय? हितंच पडलीस न्हवं?"

"काप. तुज्याकडं करवत हाय."

त्याचा चेहरा उतरला. "उंबरा कापायचा? घरातली लक्ष्मी जाईल. लोक तोंडात शेण घालतील."

माझं डोकंच फिरलं. विधवा झाल्यापासून त्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचा मला हक्क नव्हता. ठेच खायचा तेवढा होता.

"ह्या घरातली लक्ष्मी मी हाय," मी म्हणाले, "आन् मला तर तूच दौंडला घेऊन चाललाईस."

मी त्याच्या पिशवीतून करवत काढली, पाय लांब पसरून खाली बसले आणि उंबऱ्यावर चालवायला लागले. करवत नुसती घसरत होती. रागानं मला रडू येत होतं, पण हात थांबवला नाही.

"आगं, पातं मोडशील! आण हिकडं."

दोन्ही टोकांना त्यानंच कापला. सफाईनं, जमिनीबरोबर. तोंडानं पुटपुटत होता, पण कापला.

संध्याकाळी तो दौंडला परत निघाला. एस.टी.पर्यंत मी त्याला सोडायला गेले.