फुलीऐवजी मांजर

लेकीची नेमणूक युद्धातून सावरणाऱ्या त्या शहरातल्या दवाखान्यात झाली, म्हणून मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेले. शहरात शिरल्यावर आधी डोळ्यांत भरल्या त्या खिडक्या. निम्म्यांवर वाऱ्याने फडफडणारं प्लॅस्टिक, निम्म्यांत कोऱ्या काचा आणि जवळजवळ प्रत्येक काचेवर चुन्याचं एक मांजर. एकाला तर पाच पाय!

"पोरांचे उद्योग?" मी विचारलं.

"पोरांचे कसले! आपल्या शेजाऱ्यांचे," लेक हसली.

शेजारी काचवाला होता. नव्या काचेवर खूण केली नाही तर माणसं नाक आपटून घेतात. इथे तर लोकांना काचेची सवयच राहिली नव्हती. बोलता बोलता खिडकीबाहेर डोकं काढायला जायचे. इतर कारागीर चुन्याची फुली मारतात. पण बाँब पडत तेव्हा काचा उडू नयेत म्हणून घरोघरी चिकटपट्टीच्या फुल्या होत्या.

"फुली बघितली की बाँब आठवतो, बाई," तो मला म्हणाला. "मांजर बघून आठवतो का कुणाला?"

त्याची बायको आणि मुलगी युद्धापासून मुलीच्या मामाकडे होत्या. त्या दिवशी दुपारच्या बसने यायच्या होत्या, पण बायकोने बजावलं होतं, पोर घाबरली तर संध्याकाळच्या बसने परत. त्यामुळे गल्लीभर काचा बसवलेल्या या माणसाला स्वतःच्या खिडकीवर एक मांजर जमत नव्हतं. तीनदा मांजर काढलं, तीनदा पुसलं.

"अहो, हे मांजर की किटली?" खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं.

"तुम्ही आपल्या बाह्या शिवा!"

शाळेच्या फळ्यावर जन्मभर मांजरं काढलेली मी, मदतीला पुढे झाले. त्याने कुंचला दिला नाही. "लेक माझी, मांजरही माझंच."

दुपारची बस उशिरा आली; दोघी घरी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. बायको दारातच थांबली, पिशवी खांद्यालाच. मुलीने आईच्या पदराआडून खिडकीकडे पाहिलं.

"आई, ती गाय तिथे का बसलीय?"

शिंपीणबाईंना हसता हसता ठसका लागला.

"गाय नाही, मांजर आहे!" काचवाला दुखावला.

"मांजराला शिंगं असतात?"

"कान आहेत ते!"

"बाबांना काढताच येत नाही," असा निकाल देऊन तिने कुंचला ओढून घेतला आणि शेजारी दुसरं मांजर काढू लागली. चुना काचेवर कमी, झग्यावर जास्त.

बायको दारातूनच बघत होती. संध्याकाळची बस कोपऱ्यावर हॉर्न देऊ लागली तेव्हा काचवाल्याने मान खाली घातली.

"हिचा झगा धुवायला हवा," बायको पिशवी खाली ठेवत म्हणाली. "पाणी कधी येतं इथे?"

त्याने झटकन पिशवी उचलून आत नेली.

"सकाळी!" शिंपीणबाईच बोलल्या. "पण माझ्याकडे दोन बादल्या भरलेल्या आहेत. चल गं खाली."